बडी गिटार, पोकळ वासा

पनवेलमध्ये कुठल्याही वस्तूला दोन किमती असायच्या. एक आजची आणि एक 'विमानतळ झाल्यावर'ची. ही दुसरी किंमत गावात इतकी वर्षं मुक्काम ठोकून होती की तिच्या नावाचं रेशनकार्ड तेवढं निघायचं राहिलं. विमानतळाचं भूमिपूजन झालं १८ फेब्रुवारी २०१८ला, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ला आणि प्रवासी वाहतूक सुरू झाली त्याच वर्षी २५ डिसेंबरला. मधल्या काळात गुंठ्यापासून गाळ्यापर्यंत आणि चहाच्या टपरीपासून स्थळापर्यंत सगळ्याचा भाव याच हिशेबाने लागत होता. मुलगा काय करतो, हे नंतर. आधी त्याची जागा रनवेच्या कुठल्या बाजूला, ते सांगा.

१८५२ साली नगरपालिका आणि २०१६ साली महानगरपालिका झालेल्या या गावाला मोलभाव कुणी शिकवावा लागत नाही. भोवतालच्या गावांनी तर तो फार महागात शिकला आहे. सिडकोने घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४मध्ये झालेल्या आंदोलनात पाच जणांचे जीव गेले. 'साडेबारा टक्के', म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या तेवढ्या हिश्श्याचा विकसित प्लॉट परत, हे शब्द त्यातून आले. इतर ठिकाणी टक्के दहावीला विचारतात, इथे जमिनीला. त्यामुळे इथला माणूस 'ही वस्तू उद्या किती देईल?' असं विचारतो, तेव्हा त्याला हावरट म्हणू नये. तो अनुभवी असतो.

अशा गावात एखाद्याला साडेतीन-चार लाखांची गिटार घ्यायची असेल, तर काय होईल?

समजा, नवीन पनवेलमधले एक गृहस्थ आहेत. वय पंचेचाळीस, नोकरी बँकेत, कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात गिटार वाजवलेली. त्या काळी त्यांच्याकडे होती 'गिवसन'. गिब्सन नव्हे, गिवसन. अमेरिकेतल्या गिब्सनशी नावात एका अक्षराचा आणि किमतीत सात समुद्रांचा फरक असलेली ही कोलकात्याची गिटार भारतातल्या दोन पिढ्यांनी बोटं सोलून घेत वाजवली. आता मुलगी बारावी झाली, गृहकर्ज संपत आलं आणि गृहस्थांना ते एक अक्षर बदलून घ्यायची इच्छा झाली. त्यांना हवी आहे गिब्सनची ईएस-३३५.

ही इच्छा त्यांनी थेट मांडली असती तर विषय रविवारच्या चहाबरोबरच संपला असता. पण ते बँकेतले. त्यांनी ती इच्छा म्हणून मांडलीच नाही, गुंतवणूक म्हणून मांडली. "गिटार नाही गं ही, ॲसेट आहे," ते म्हणाले आणि तिथेच फसले. कारण घरात सासरे आले होते. सासऱ्यांचं गाव प्रकल्पग्रस्त, हयात सातबाऱ्यात आणि सिडकोच्या पायऱ्यांवर गेलेली. ॲसेट हा शब्द ऐकताच त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. म्हणजे बैठक लांबणार.

"जावईबापू, आत काय असतं तिच्या?"

"काही नाही. पोकळ असते."

बशी ओठांपाशी थांबली.

खरं तर या पोकळीला प्रतिष्ठित इतिहास आहे. नाचाच्या बँडमध्ये ट्रंपेट आणि सॅक्सोफोनच्या गदारोळात साध्या गिटारीचा आवाज कुणाला ऐकूच जाईना. तेव्हा व्हायोलिनसारख्या फुगीर, पोकळ गिटारीला पिकअप बसवायची युक्ती निघाली. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं. वर पोलादी तार थरथरली की त्यात वीज उमटते आणि अँपमधून आवाज निघतो. १९३६ साली गिब्सनने ईएस-१५० काढली आणि चार्ली ख्रिश्चन नावाच्या तरुणाने ती अशी वाजवली की मागच्या खुर्चीवरचा गिटारवाला जॅझमध्ये कायमचा पुढे येऊन बसला. गिब्सनचीच १९३४ची 'सुपर ४००' मात्र विजेशिवायची होती. तिचं नाव तिच्या चारशे डॉलर किमतीवरून पडलं. १९४९च्या ईएस-१७५चंही तेच, किंमत पावणेदोनशे डॉलर. नावातच एमआरपी छापलेली असल्याने पुढच्या पिढ्यांना चुकचुकणं सोपं झालं.

पोकळीचा एक त्रास मात्र होता. अँपचा आवाज वाढवला की पोकळ पोट स्वतःच घुमू लागतं, तो घुमारा पुन्हा पिकअपमध्ये शिरतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये माइक स्पीकरसमोर आल्यावर होतो तसला केकाटा निघतो. लेस पॉल नावाच्या खटपट्या वादकाने १९४०च्या सुमारास यावर सरळ उपाय केला. त्याने चार इंच बाय चार इंचाचा भरीव पाइनचा ओंडका घेतला आणि त्यावर तारा लावल्या. केकाटा थांबला, पण ओंडका वाजवणाऱ्या माणसाकडे लोक जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागले. मग त्याने एक एपिफोन गिटार उभी कापून तिची दोन अर्धी ओंडक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवली. लोकांचं समाधान झालं. गिब्सनने १९५८च्या ईएस-३३५मध्ये तोच विचार कारखान्यात आणला. मधोमध मेपलचा ठोकळा आणि दोन्ही बाजूंना पोकळ पंख. सासऱ्यांना हे लगेच पटलं. पुढून बंगला दिसतो, मध्ये एकच खरी भिंत, बाजूच्या खोल्या दाखवायला. अशी घरं त्यांनी पाहिली होती.

"लाकूड तरी चांगलं असेल?"

इथे गृहस्थांनी गप्प बसायला हवं होतं. पण माहिती असलेल्या माणसाला गप्प बसवत नाही. ईएस-१७५ आणि ईएस-३३५ या दोघींचं पोट एकसंध लाकडाचं नसतं, पातळ थर एकावर एक चिकटवून, साच्यात दाबून केलेलं असतं.

"म्हणजे प्लायवूड," सासरे म्हणाले.

"लॅमिनेटेड मेपल."

"मरीन आहे का कमर्शियल?"

वहिनींनी, म्हणजे गृहस्थांच्या पत्नींनी, याच वेळी स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडला. दोन वर्षांपूर्वी मॉड्युलर किचनमध्ये कमर्शियल प्लाय बसवला गेला होता आणि पहिल्याच पावसाळ्यात सिंकखालचं दार पुरीसारखं टम्म फुगलं होतं. तो विषय घरात अजून मिटलेला नाही. एकसंध लाकूड कोरून केलेल्या गिटारीही असतात, गिब्सनची एल-५ तशी, पण त्या आणखी महाग. हे सांगून गृहस्थांनी आपली बाजू सावरली की घालवली, ते कळायला मार्ग नव्हता.

खेळ फिरला तो एका चिठ्ठीपायी.

गिब्सनमध्ये सेथ लव्हर नावाचा इंजिनिअर होता. ट्यूबलाइट किंवा पंख्यापाशी गिटार नेली की पिकअपमधून येणारी घरघर त्याने दोन वेटोळी उलटसुलट जोडून मारली. हाच तो हंबकर. १९५५ साली पेटंटसाठी अर्ज गेला. १९५७पासून पिकअपच्या पोटाला एक चिमुकली काळी चिठ्ठी दिसू लागली. मजकूर एवढाच की पेटंटसाठी अर्ज केला आहे. १९५९ साली पेटंट मिळालं. तरी कंपनी पुढे दोन-तीन वर्षं 'अर्ज केला आहे'च चिकटवत राहिली. मग एकदाची पेटंट नंबरची चिठ्ठी आली, पण तिच्यावरचा नंबर निघाला भलत्याच पेटंटचा. ते होतं लेस पॉलच्या नावचं, तारा अडकवायच्या पट्टीचं. आणि आजचा बाजार असा की नंबरवाल्यापेक्षा 'अर्ज केला आहे'वाला पिकअप कितीतरी महाग. गिटार राहू द्या, नुसत्या सुट्या पिकअपला हजार डॉलरच्या वर भाव येतो.

सासऱ्यांनी बशी खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना अमेरिका जवळची वाटली असावी. अर्ज दाखल आहे, मंजुरी यायची आहे, आलेल्या मंजुरीवर नंबर चुकीचा पडला आहे, आणि सगळ्यात जास्त भाव नुसत्या अर्जाला आहे! साडेबारा टक्क्यांच्या फायली ज्यांनी पाहिल्या, त्यांना यातलं एक अक्षरही समजावून सांगावं लागत नाही. प्लॉट हातात पडण्याआधी नुसत्या पात्रतेच्या कागदावर बिल्डर दारात उभे राहिलेले त्यांनी पाहिले होते.

"मग ही घ्याच," ते म्हणाले. "चिठ्ठी आहे ना हिला?"

नव्या गिटारीला ती चिठ्ठी असली तरी नक्कल म्हणून असते, हे गृहस्थांना सांगावं लागलं. बशी पुन्हा हातात आली.

नव्या आणि जुन्याची गल्लत होते ती इथेच. १९५८ ते १९६० या काळात नैसर्गिक लाकडी रंगात निघालेल्या ईएस-३३५ साधारण दोनशेच भरतात. त्यांना आज पाच-सहा आकडी डॉलर मिळतात, कारण त्या आणखी निघणार नाहीत. नवी ईएस-३३५ मात्र कंपनी उद्याही काढणार आहे, परवाही. ती दुकानाच्या पायऱ्या उतरली की स्कूटरसारखीच सेकंडहँड होते. मुंबईत धोबी तलावच्या दुकानातून ती घेऊन पनवेलला यायचं, तर सीएसएमटीहून हार्बरच्या गाडीने दीड तासाच्या आसपास लागतो. मानखुर्द यायच्या आत तिची किंमत निम्म्या सीटवर सरकलेली असते. सोन्याच्या दागिन्यात घडणावळ जाते, सोनं उरतं. एप्रिल २०२५मध्ये सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा टप्पा ओलांडला, तेव्हा वहिनींच्या पाटल्यांची घडणावळ कुणाला आठवलीही नाही. गिटारीत घडणावळच घडणावळ. वितळवली तर तांब्याच्या तारेची काही वेटोळी आणि मूठभर स्क्रू.

शिवाय नियम उलटे. पनवेलमध्ये घर विकायचं तर आधी रंग काढतात. जुन्या गिटारीला नवा रंग दिला तर किंमत सरळ निम्म्यावर येते. रंगाला पडलेल्या बारीक चिरा, घामाने उडालेली पॉलिश, पट्ट्याच्या बकलने पाठीवर काढलेली नक्षी, सगळं जसंच्या तसं लागतं. खुंट्या बदलल्या की भाव कमी, मूळ पेटी हरवली की कमी. सर्वांत मोठा धोका मानेला. गिब्सनचं डोकं मानेपासून बऱ्यापैकी मागे कललेलं असतं. स्टँडवरून गिटार मागे पडली की नेमकं तिथेच मोडतं. उत्तम कारागिराने बेमालूम जोडलं, तरी गिऱ्हाइकाच्या लेखी ती 'मान मोडलेली'. हे ऐकल्यावर वहिनींनी फक्त एकदा हॉलभर नजर फिरवली. हॉलमध्ये दोन मांजरं, एक कामवाली मावशी, तिचा लांब दांड्याचा मॉप आणि दर शनिवारी येणारा पाच वर्षांचा भाचा.

मग वापरलेल्या गिटारी कोट्यवधींना जातात त्या कशा? गृहस्थांकडे याचीही यादी होती. एरिक क्लॅप्टनने १९६४ साली घेतलेली लाल ईएस-३३५ जून २००४मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ८,४७,५०० डॉलरला गेली. ब्लूजवाल्या बी. बी. किंगची 'ल्युसिल' नावाची एक गिटार २०१९मध्ये २,८०,००० डॉलरला. ल्युसिल हे नावही कसं पडलं? १९४९च्या हिवाळ्यात आर्कन्सॉमधल्या ट्विस्ट गावात त्याचा कार्यक्रम चालू असताना दोघांची मारामारी जुंपली, रॉकेलचं जळतं पिंप लवंडलं, आग लागली. बाहेर पळालेला किंग गिटारीसाठी पुन्हा आत शिरला. मारामारी ल्युसिल नावाच्या बाईवरून होती, हे त्याला मागाहून कळलं. असला वेडेपणा पुन्हा करू नये याची आठवण म्हणून त्याने पुढे प्रत्येक गिटारीला तेच नाव दिलं.

"आपल्याकडे आग लागली तर आधी कुणाला बाहेर काढाल?" वहिनींनी विचारलं.

गृहस्थांनी अर्धा सेकंद उशीर केला.

क्लॅप्टनच्या उदाहरणावर सासऱ्यांचं म्हणणं थोडक्यात असं पडलं की भाव गिटारीला नाही, क्लॅप्टनला आहे. जावयाने ती सोसायटीच्या गणपतीत वाजवली, तर येणारा भाव सोसायटीपुरता. या मुद्द्याला जगातल्या कुठल्याही लिलावगृहाकडे उत्तर नाही.

आता पनवेलची हवा. पोकळ गिटारीला दमटपणा पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के मानवतो. पनवेलचा जुलै ऐंशीच्या खाली उतरत नाही. लाकूड पाणी पितं, वरची कमान फुगते, तारा उचलल्या जातात, तिजोरीतल्या नोटांना येतो तसा आतल्या बाजूला बुरशीचा वास येतो. गिटारवाल्यांचा उपाय असा की बुटांच्या खोक्यांतून आलेल्या सिलिका जेलच्या पुड्या वर्षभर साठवायच्या आणि आषाढात गिटारीच्या पेटीत ठेवायच्या. वहिनी त्याच पुड्या पापडांच्या डब्यासाठी साठवतात. म्हणजे गिटार येण्याआधीच दोन खात्यांत पाणीवाटपाचा तंटा उभा.

फिंगरबोर्डचा, म्हणजे तारा दाबायच्या पट्टीचा, प्रवास तर आणखी न्यारा. यातलं शिसवी लाकूड बहुधा भारताचंच. ते दक्षिणेतल्या रानातून अमेरिकेला जातं, तिथे गिटारीला चिकटतं आणि कस्टम ड्यूटी भरून माहेरी येतं. याच लाकडापायी २४ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकी वन्यजीव खात्याच्या सशस्त्र अधिकाऱ्यांनी गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले होते. पुढच्या वर्षी कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला तो मुख्यतः मादागास्करच्या आबनुसासाठी. भारतातलं जप्त लाकूड परत मिळालं. कंपनीने त्याच्या गिटारी केल्या आणि 'गव्हर्न्मेंट सीरिज' म्हणून विकायला काढल्या. सरकारी छाप्यातून माल सुटून आला तर तो सरकारच्याच नावाने विकायचा, हे पनवेलच्याही व्यापाऱ्याला सुचलं नसतं.

विकायची वेळ आलीच, तर गिऱ्हाईक कोण? भारतात वापरलेल्या ईएस-३३५साठी लाखो रुपये मोजणारे लोक आहेत, पण ते एका मिनीबसमध्ये मावतील. जाहिरात टाकली की पहिला मेसेज येतो, 'फायनल किती?' दुसरा, 'हप्त्याने चालेल का?' तिसरा माणूस ॲक्टिव्हा अधिक वीस हजार असा सौदा सुचवतो. चौथा फोटो मागतो, आणखी फोटो मागतो, आतला फोटो मागतो आणि शेवटी सांगतो की घ्यायची नाही, नुसती बघायची होती.

तरी गृहस्थांनी शेवटचा मुद्दा टाकलाच. एफडी तरी कुठे सुरक्षित आहे? पनवेलमधल्याच एका सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २०२१ साली रद्द केला. विमा पाच लाखांपर्यंतच. गिटार निदान डोळ्यांसमोर तरी असते! बँकेतल्या माणसाने एफडीविरुद्ध बोलावं, यावर सासरे काही क्षण खरोखर हळहळले.

आणि मग त्यांनी सहज विचारलं, "माळ्यावरचा तंबोरा केवढ्याचा?"

घरात तंबोरा होता. वहिनींच्या आजीचा, मिरजेचा. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचा धंदा बसल्यावर तंतुवाद्यं घडवायला घेतली त्याला दीडशेहून अधिक वर्षं झाली. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याचं पोट म्हणजे भोपळा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला शेतात पिकलेला, वाळवलेला आणि आतून कोरून साफ केलेला. तोही पोकळ. तोही जुना, मूळ रंगाचा, मूळ खुंट्यांचा, मान शाबूत. गुंतवणुकीच्या सगळ्या कसोट्यांना उतरणारं वाद्य पंधरा वर्षं माळ्यावर, कृत्रिम ख्रिसमस ट्री आणि फुटक्या कूलरच्या मध्ये उभं होतं. त्याची रीसेल व्हॅल्यू आजवर कुणी काढली नव्हती.

"ते कशाला विकायचंय?" वहिनी तुटकपणे म्हणाल्या.

खोलीत शांतता पसरली आणि तिच्यात गृहस्थांनी गिटार घ्यायचं ठरवून टाकलं.

गिटार जूनमध्ये आली. भाव विचारायचं सासऱ्यांनी सोडलं नाही, पण ते आता पावसाची चौकशी करावी तसं विचारतात. जुलैच्या एका संध्याकाळी विजांचा कडकडाट झाला आणि अख्ख्या सेक्टरची लाईट गेली. इन्व्हर्टरने दोन शिट्या मारल्या आणि मान टाकली. भरीव इलेक्ट्रिक गिटार अशा वेळी नुसती टिचकी मारल्यासारखी वाजते. हिचे पोकळ पंख मात्र अँपशिवायही थोडे बोलतात. अंधारात हलके सूर निघू लागले. मांजरं आली. शेजारच्या काकू मेणबत्ती मागायला आल्या आणि दारातच टेकल्या.

सासरे बराच वेळ ऐकत बसले. मग म्हणाले, "जावईबापू, लाईट नसताना पण वाजते ही?"

"हो ना. पोकळ आहे म्हणून."

"मग करंटवाली कशाला घेतलीत?"